मधले ठिपके

लाल फुली मारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की उत्तर बरोबर आहे. असं होऊ नये. आधी डोकं, मग हात, असा क्रम असतो. पण एकतीस वर्षं पेपर तपासल्यावर हात डोक्याची वाट पाहत नाही. प्रश्न चौदावा, गुण दोन: 1s ऑर्बिटलमध्ये इलेक्ट्रॉनची घनता सगळ्यात जास्त कुठे असते, आकृतीसह सांगा. आतापर्यंतच्या बासष्ट पोरांनी माझीच आकृती काढली होती. एक गोल, त्याची कड गिरवून गिरवून जाड केलेली, आत सगळं मोकळं, आणि मधे केंद्रकाचं एक टिंब. बासष्ट वेळा मी बरोबरची खूण केली. त्रेसष्टाव्या पेपरात गोलच नव्हता. नुसते ठिपके होते, मधोमध इतके दाट की कागद फाटायला आला होता, आणि बाहेर जाता जाता विरळ होत होत संपलेले. खाली एक ओळ: घनता केंद्रकापाशी सर्वांत जास्त, बाहेर कमी कमी होत जाते, कड अशी नसते. मी फुली मारली, पान उलटलं, आणि उलटलेलं पान परत मागं घेतलं.

मे महिन्यातली दुपार होती. क्लासच्या स्टाफरूममध्ये कूलर घरघरत होता आणि हवेपेक्षा आवाजच जास्त देत होता. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागावी, तसं झालं. कारण ती फुली मारता मारताच मला कळलं होतं. किंवा खरं बोलायचं तर, मला केव्हाचं कळलेलं होतं आणि मी त्याच्याकडं कधी तोंड करून पाहिलं नव्हतं. पेपरावर नाव होतं शीतल, गाव अंकुशनगर. अक्षर बारीक, सरळ, कुठं खाडाखोड नाही. मला त्या पोरीचा राग आला. हे लिहायला लाज वाटते, पण पहिल्यांदा आला तो रागच.

मला जालन्यात मोसंबीचे सर म्हणतात. उढाण सर म्हटलं तर पत्ता सांगावा लागतो, मोसंबीचे सर म्हटलं की रिक्षावाला थेट आणून सोडतो. अणुरचनेचा धडा आला की मी खिशातून मोसंबी काढायचो. आमच्या भागात मोसंबी काय, पोरांच्या घरचंच फळ. निम्म्यांच्या शेतात बाग. मी ती टेबलावर ठेवायचो आणि म्हणायचो, हे बघा एस ऑर्बिटल, इलेक्ट्रॉनचं घर. इकडून पाहा, तिकडून पाहा, खालून पाहा, सारखंच. याला तोंड नाही, पाठ नाही, दिशा नाही. म्हणून हा कुणाशीही, कुठल्याही बाजूनं जोडला जातो. हायड्रोजनला हायड्रोजन भेटला की दोन मोसंब्या एकमेकींत घुसतात आणि बंध तयार होतो. पोरं हसायची. सोडियमचं सगळं राजकारण त्याच्या बाहेरच्या मोसंबीतल्या एकट्या इलेक्ट्रॉनचं आहे, तो त्यानं सोडला की मीठ होतं, तुमच्या भाजीतलं. मग मी नखानं साल काढायचो, वर्गभर वास सुटायचा, आणि ते साल वर धरून म्हणायचो: इलेक्ट्रॉन राहतो तो इथं. सालात. आत कुणी नाही. ते साल बघताना साठ-साठ पोरांचे डोळे असे लागलेले असायचे की मला स्वतःलाच पटायचं.

पहिला भाग खरा होता. दिशा नाही, तोंड नाही, हे खरं. दुसरा खोटा होता, आणि कसा खोटा होता ते एखाद्याला पाच मिनिटांत समजावता येईल इतकं सोपं आहे. एका ठिकाणी गर्दी किती हा एक प्रश्न, आणि मध्यापासून अमुक अंतरावर सगळीकडं मिळून माणसं किती हा दुसरा. सराफ्यात माणसाला माणूस खेटून चालतो. तरी गावाभोवतीच्या नव्या वसाहती सगळ्या मिळून मोजल्या तर माणसं तिथं जास्त भरतात, कारण तिथं जागाच मोठी. म्हणून सराफा ओस पडलाय असं कुणी म्हणत नाही. मी म्हणालो होतो. एकतीस वर्षं म्हणत होतो. बाहेरच्या थराला जागा जास्त, म्हणून तिथली बेरीज मोठी दिसते. बाकी इलेक्ट्रॉनची दाटी पाहाल तर ती ऐन केंद्रकावर. साल बिल काही नाही. आपण कागदावर काढतो ती कड आपल्या सोयीची, इलेक्ट्रॉन सापडण्याची साधारण नव्वद टक्के शक्यता आत आली की रेघ ओढून मोकळं व्हायचं.

मी हे चुकलो याला कारण एक एसटी बस आहे. कारण म्हणण्यापेक्षा सबब म्हणा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी वडीगोद्रीहून जाऊन-येऊन औरंगाबादला शिकत होतो. तेव्हा त्याला औरंगाबादच म्हणायचे. पहिली बस चुकली तर दुसरीनं पोचेपर्यंत पहिला तास निम्मा झालेला असे. त्या दिवशी मी मागच्या दारानं वाकून आत शिरलो तेव्हा फळ्यावर एक आलेख होता: शून्यापासून निघालेला, वर चढलेला, मग उतरलेला. हा बेरजेचा आलेख, मध्यावर शून्य. मी तेवढाच उतरवून घेतला. त्याच्या आधी सरांनी दुसरा, दाटीचा आलेख काढून पुसलेला होता, मध्यावर सगळ्यात उंच असलेला, हे मला कळायला कुणाची तरी वही मागावी लागली असती. मी मागितली नाही. शहरातल्या पोरांकडं वही मागायची म्हणजे ‘कोण गाव?’ पासून सुरुवात, आणि ते हसणं. फळ्यावर डाव्या हाताला खडूची पुसट पांढरी सावली राहिली होती. ती सावली मला त्या दुपारी, कूलरसमोर बसून, फळ्यावरच्या डागांसकट आठवली. वर्गात मी तिच्याकडं पाहिलं होतं आणि खाली मान घालून समोरचं उतरवत राहिलो होतो.

पुढं त्या अर्ध्या तासाच्या नोट्स झाल्या. आधी हातानं लिहिलेल्या, मग झेरॉक्स, मग आमच्या क्लासच्या जिनेंद्रनं छापलेलं पुस्तक, मुखपृष्ठावर अर्धी सोललेली मोसंबी. अंबड, भोकरदन, परतूर, जाल तिथं तेच पुस्तक. माझी पोरं मास्तर झाली, त्यांनी तीच आकृती शिकवली. तीच पोरं पेपर तपासायला बसली आणि गोलाची कड जाड नसेल तर अर्धा गुण कापू लागली. म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात इलेक्ट्रॉन सालात राहायला गेला. गंमत पाहा: त्याच पुस्तकात चौदाव्या पानावर आत कुणी नाही, आणि एकोणिसाव्या पानावर मीच लिहिलंय की एस ऑर्बिटलमधला इलेक्ट्रॉन इतरांपेक्षा आत शिरतो, केंद्रकाला सगळ्यात जवळचा तोच, म्हणून त्याची ऊर्जा कमी. दोन्ही पानं पोरांना तोंडपाठ. पाच पानांच्या अंतरावर मी स्वतःलाच खोटं पाडलंय आणि इतक्या वर्षांत कुणाचा हात वर झाला नाही, असं मी म्हणणार होतो. पण झाला होता. आमच्याच गावचा वसंता. “सर, पन आत काहून नसतो?” मी म्हणालो होतो, “जा, आत जाऊन बघून ये आणि मला सांग.” वर्ग फुटला हसून. मीही हसलो. वसंता खाली बसला तो पुन्हा कधी उठला नाही. आता त्याचं हायवेला टायरचं दुकान आहे, मी दिसलो की गिऱ्हाईक सोडून येतो आणि चहा पाजल्याशिवाय जाऊ देत नाही.

घड्याळात तीन वाजले होते. पाचला निकाल लावायचा होता. ही परीक्षा साधी नव्हती. अकरावी झालेल्या पोरांतून बारावीच्या निवडक तुकडीसाठी एक जागा, एकच, शिकवणी आणि वसतिगृह दोन्ही मोफत. बाकीचे पेपर मी झपाट्यानं उरकले. आता माझं लक्ष नव्हतं, हात मात्र इमानदारीत चालत होता. बेरजा झाल्या. हरिओम, एकशे त्र्याहत्तर. शीतल, एकशे बहात्तर. हरिओमच्या चौदाव्या उत्तरात सुंदर गोल होता, कंपासनं काढलेला, कड दोनदा गिरवलेली, दोनपैकी दोन. शीतलचे दोन वाढवले तर ती वर; हरिओमचे दोन कापले तर आणखीच वर. कसंही मोजा, जागा तिची होती. मधे उभी होती ती माझी फुली.

फॉर्म भरायला आली तेव्हा तिची आई, पुष्पाबाई, सोबत होती. नवरा अंकुशनगरच्या साखर कारखान्यात हंगामी कामगार. बाई खुर्ची दिली तरी बसली नाही. “लागलं तं शिकंल सर,” ती म्हणाली होती, “न्हाई तं मंग तिच्या मावशीनं लग्नाला भोकरदनचं ठिकान आनलंय. दिवाळीत अठरा पुरे व्हतेत तिला. ते थांबून राह्यलेत.” हे तिनं काही तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. बस किती वाजता आहे ते सांगावं तसं सांगितलं होतं. पोरगी खाली बघत होती आणि हातातल्या पुस्तकाच्या कोपऱ्याला दुमडत, सरळ करत होती. ते पुस्तक माझंच होतं. मी तिला म्हणालो होतो, सगळं यातलंच येणार, याच्या बाहेर जाऊ नको.

मी पेपर उचलला आणि जिनेंद्रच्या वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये गेलो. जिनेंद्र हा क्लासचा मालक, त्याच्या आधी माझा विद्यार्थी, त्याच्या घराण्याची सराफ्यात पेढी. इंजिनिअर होऊन परत आला आणि सोन्याऐवजी क्लास काढला. मी गेलो की आजही उभा राहतो. मी पेपर त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणालो, “हे बघ. ही पोरगी बरोबर आहे. मी चूक आहे.” एवढं वाक्य बोलायला मला जिन्याखालून वरपर्यंत तीनदा थांबावं लागलं होतं. वाटलं होतं, तो दचकेल. पुस्तक काढेल, मोबाइलवर शोधेल, म्हणेल काय सांगता सर. त्यानं पेपराकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं न पाहता पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली.

“बसा सर,” तो म्हणाला. “मला माहीत हाय ते.”

“काय माहीत आहे?”

“चौदाव्या पानाचं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कळलं. आमच्या घरचा धंदा सोन्याचा, मंग मी वाचायला गेल्तो सोनं पिवळं काहून असतं. तं त्याच्यात लिहेल होतं का, सोन्याचा सहाव्या एसमधला इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या बिलकुल जवळून जातो, लई वेगात, त्याच्यामुळं त्याचा रंग. मी म्हनलं, अरे, सर तं म्हंतेत आत कोन्हीच नसतं.” तो हसला, पण हसणं अर्ध्यातच मोडलं. “मंग होस्टेलवर आपल्या गावाकडच्या पोराईला विचारलं. सगळ्याइलाच माहीत होतं, सर. जे जे पुढं शिकायला गेले त्या सगळ्याइला.”

“आणि कुणी बोललं नाही.”

“तुम्हाला कसं सांगनार? तुम्ही सर हाव. आम्ही ठरिवलं का, जाऊ द्या, सरचं मन काहून दुखवायचं. परीक्षेत तं मार्क पडूनच राह्यलेत.”

मी पाणी प्यायलो. माझ्या डोळ्यांसमोरून ती पोरं जायला लागली, एकेक, दिवाळीला पेढे घेऊन येणारी, लग्नात मला पहिल्या रांगेत बसवणारी, मुंबई-पुण्याहून येऊन वाकून नमस्कार करणारी. डॉक्टर, इंजिनिअर, एक तर अणुऊर्जेत कुठं तरी आहे, त्यानं तर माझ्या सत्काराला भाषण केलं होतं. मोसंबीचा किस्सा त्यानं सांगितला होता आणि सभागृह टाळ्यांनी भरलं होतं. म्हणजे तेव्हाही त्याला माहीत होतं. वाकताना प्रत्येकाला माहीत होतं. मला वाटत होतं मी त्यांच्या आयुष्याच्या मध्यावर आहे. आणि ते सगळे मला एखाद्या म्हाताऱ्या चुलत्यासारखं सांभाळून घेत होते, ज्याला ऐकू येत नाही म्हणून त्याच्यासमोर कुणी महत्त्वाचं बोलत नाही. आदर होता, नाही असं नाही. पण त्या आदरात मला अडाणी ठेवायची सोय होती. आणि जे पुढं गेले नाहीत, वसंतासारखे, ते अजून सालातच आहेत. त्यांना कुणी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. उषाबाई, आमची बायको, एकदा म्हणाली होती, तुम्हाला कोन्ही काही सांगत न्हाई कारन तुम्ही ऐकून घ्यायचं तोंड करत न्हाई. मी तेव्हा ताट सरकवून उठलो होतो.

“तिचे दोन मार्क वाढवायला पाहिजेत,” मी म्हणालो.

“वाढवा,” जिनेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात खोट नव्हती. “पेपर तुम्ही तपासला, सही तुमची. मी बिलकुल आडवा येनार न्हाई. फक्त हरिओमच्या घरचे इचारतील, एकाच उत्तराला पेपरात फुली अन् मार्क दोन, असं कसं. मंग मला बोर्डावर नोटीस लावावी लागंल. का, नोट्समधी चूक होती, सगळे पेपर पुन्हा तपासून राह्यलो. सरच्या सहीनं.” त्यानं खुर्ची मागं सारली. “तुम्ही म्हनसान तसं करू.”

मला तो आडवा यायला हवा होता. त्यानं पैशाचं, छापलेल्या पुस्तकांचं काही काढलं असतं, तर मी ताडकन उठून नोटीस लिहिली असती, आवाज चढवला असता, पुढं कित्येक वर्षं सांगितलं असतं की त्या पोरीसाठी मी काय केलं. पण त्यानं सगळं माझ्या हातात दिलं आणि बाहेर निघून गेला. मी स्टाफरूममध्ये परत आलो. कोरा कागद घेतला. ‘कळविण्यात येते की’ एवढं लिहिलं. पुढं ‘उढाण सरांच्या नोट्समधील’ असं आलं पाहिजे होतं. मी तारीख घातली. तारखेखाली रेघ ओढली. बाहेर व्हरांड्यात पोरं जमायला लागली होती, त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, आणि कुणी तरी, बहुतेक मागच्या वर्षीचा एक जण, नव्या पोरांना माझी नक्कल करून दाखवत होता. इलेक्ट्रॉन राहतो तो इथं! नक्कल हुबेहूब होती. ती पोरं हसत होती ते प्रेमानंच हसत होती. मी ठरवलं की निर्णय तिच्यावर सोडायचा. तिला बोलावतो. ती एकदा जरी म्हणाली की सर, माझं बरोबर आहे, तर मी लिहितो. एकदा. किती न्याय्य वाटलं मला ते! सतरा वर्षांच्या पोरीनं माझ्यापुढं उभं राहून मला चूक म्हणावं, अशी अट मी घातली, आणि वर स्वतःला दिलदार समजलो.

पावणेपाचला दोघी आत आल्या. पुष्पाबाई दाराशीच थांबली, पोरगी टेबलापर्यंत आली. मी पेपर तिच्याकडं फिरवला. तिनं फुली पाहिली. चेहऱ्यावर काही झालं नाही, फक्त खालचा ओठ आत गेला.

“हे काय काढलंय?” मी विचारलं.

“चुकलं, सर.”

“चुकलं ते झालं. पण असं का काढलंस? कुणी शिकवलं?”

“कोन्ही न्हाई शिकिवलं. आमच्या कारखान्यात ते ल्याबमधी केमिस्ट हायेत ना, त्याईनं त्याईचं जुनं पुस्तक देल्तं. त्याच्यात होतं का, पोटॅशियमचं केंद्रक कधी कधी आपलाच इलेक्ट्रॉन गिळून घेतं, अन् मंग त्याचा अरगॉन होतो.” ती बोलायला लागली तशी तिची मान वर आली, हात हलायला लागले. “मंग मी म्हनलं, इलेक्ट्रॉन आत येतच न्हाई तं केंद्रक त्याला गिळंल कसं? मंग मी हिशोब करून पाह्यला. अन् तुमच्याच पुस्तकात एकोनिसाव्या पानावर हाय का, एसवाला सगळ्यात आत शिरतो. मंग मला वाटलं चौदाव्या पानावर छापनाऱ्याकून चुकलं असंल.”

छापणाऱ्याकडून. तिनं माझ्यासाठी वाटही काढून ठेवली होती. मी नुसतं हो म्हणायचं होतं. छापणाऱ्याची चूक, दोन गुण वाढवले, जागा तुझी. माझ्या नावाला ओरखडाही आला नसता, आणि जिनेंद्रनं ती नोटीस हसत लावली असती. पण छापणारा कधीचा छापतोय, आणि साल मी माझ्या हातानं वर धरलंय; कोण ऐकणार होतं? आता कळतं की सगळ्यांनी ऐकलं असतं. सगळे वर्षानुवर्षं तेच तर करत होते.

“मग?” मी म्हणालो. “तुझं काय म्हणणं आहे?” म्हण, पोरी. एकदा म्हण.

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडावर तिला काय दिसलं कुणास ठाऊक. हात खाली आले. “काही न्हाई, सर. तुम्ही म्हंता तेच बराबर असंल.”

“लागलं का हो, सर?” दारातून पुष्पाबाईनं विचारलं.

“एका गुणानं गेलं,” मी म्हणालो.

म्हणताना माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. बाई आत आली, तिनं पोरीच्या दंडाला धरलं. “तुला कव्हाच सांगितल्तं, सरच्या पुस्तकाभाईर काही लिहू नको. लई शहानी झाली!” मग माझ्याकडं वळून, पदर सावरत, “लेकरू हाय सर, राग नका धरू. तुम्ही लई केलं तिच्यासाठी.” तिनं पोरीला पुढं ढकललं, आणि शीतल वाकून माझ्या पाया पडली. मी मागं सरकलो नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेलाचा आणि उन्हाचा वास आला. तोंडातून आशीर्वाद निघाला, सवयीनं, पूर्ण.

दोघी निघाल्या. दारापाशी जाऊन पोरगी थांबली, आईचा हात सोडवून एक पाऊल परत आली. निकालाचं, जागेचं तिच्या डोळ्यांत आता काहीच नव्हतं. एक साधी शंका होती, आणि ती विचारल्याशिवाय तिला जाववत नव्हतं.

“सर, मंग तो पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन आत जातो तरी कसा?”

“ते पुढच्या वर्गात असतं,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली, बरं म्हणाली, आणि आईच्या मागोमाग जिना उतरून गेली.